हळद-गूळ खाऊन श्वासनळीची जनुकं ‘रिसेट’ होत नाहीत

गळीत हंगाम सुरू झाला, उसाचे फड पेटू लागले की सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: धुरातल्या फ्री रॅडिकल्समुळे (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) श्वासनळीची जनुकं बिघडतात. रात्री सांगलीची हळद आणि गूळ घ्या, सात दिवसांत ती पूर्ववत होतात. अँटिऑक्सिडंट (या रेणूंना निष्प्रभ करणारे पदार्थ) जितके जास्त तितकं चांगलं. मग दम्याचा पंप (इनहेलर) नको आणि पाचट पेटवलं म्हणून घाबरायलाही नको.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं.

‘जनुकं बिघडतात’ म्हणजे काय? सिगरेटच्या धुराने डीएनएला इजा होते, हे खरंच. पण ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, म्हणजे फ्री रॅडिकल्ससारखे ऑक्सिडंट पेशीच्या बचावाला भारी पडण्याचा, रोजचा परिणाम वेगळा असतो. जनुक तेच राहतं, त्याचं काम वाढतं किंवा थांबतं. श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि सतत नष्ट करवतं. धुरातले ऑक्सिडंट कीप-१ वर आघात करतात, तशी पकड सुटते. मग एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणारी जनुकं चालू करतं. याला बिघाड कसं म्हणायचं? हा तर पेशीचा बचाव आहे.

खरा त्रास दुसऱ्या बाजूने येतो. त्याच ताणाने सूज वाढवणारी जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं, पेशींना बोलावणारं आयएल-८ हे रसायन वाढतं आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात. त्या स्वतःच आणखी ऑक्सिडंट सोडतात. कफ बनवणारं एमयूसी-५-एसी हे जनुकही जोरात चालू लागतं. गुऱ्हाळात चुलवणापाशी बसून दिवसभर चिपाडं सारणाऱ्याला हे सगळं सांगायची गरज नाही, त्याचा खोकला सांगतो.

आता हळद. तिच्यात कुर्क्युमिन, म्हणजे जिच्या गुणांचा गवगवा होतो तो पिवळा घटक, साधारण ३ टक्के. तेही आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि जे जातं त्याचं रूप यकृत लगेच बदलतं. प्रयोगशाळेत पेशींवर थेट कुर्क्युमिन ओतून दिसलेला परिणाम हळदीच्या दुधाच्या पेल्यातून श्वासनळीपर्यंत पोहोचतो, असं धरून चालता येत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते औषध म्हणून नव्हे. गुळाच्या बाजूने एक खरा अभ्यास आहे, लखनौचा, १९९४ चा. गूळ दिल्यावर फुफ्फुसातली धूळ बाहेर पडायला मदत झाली. पण उंदरांमध्ये.

‘जितके जास्त तितकं चांगलं’ हा मला सर्वांत घातक मुद्दा वाटतो, कारण तो माणसांवर तपासून झालाय. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटिनसोबत अ जीवनसत्त्व दिलं होतं. तिथे हे प्रमाण २८ टक्के जास्त भरलं आणि १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या.

पंपाचं तर उलटंच आहे. पंपातलं स्टेरॉइड सूज वाढवणारी जनुकं बंद करतं आणि त्यासाठी त्याला एचडीएसी-२ हे एन्झाइम लागतं. ऑक्सिडेटिव्ह ताणाने नेमकं तेच कमी पडतं. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) रुग्णांत स्टेरॉइडचा गुण कमी येतो, त्याचं हे एक कारण. म्हणजे धूर चालू ठेवून पंप सोडणं हा दुहेरी तोटा. पंप कमी करायचा की बंद, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

राहिले सात दिवस. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये श्वासनळीच्या पेशींतली जनुकं तपासली. सिगरेट सोडून सुमारे दोन वर्षं झालेल्यांत बरीच जनुकं कधीच न ओढणाऱ्यांसारखी वागू लागली होती, काही मात्र कित्येक वर्षांनीही बदललेलीच राहिली. आणि ही सुधारणा सिगरेट सोडलेल्यांतली आहे, ओढत राहून वर हळद-गूळ खाणाऱ्यांतली नव्हे.