देवघरातलं क्यूआरएम

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. आमच्या भाषेत दुसऱ्या कुणाच्या लुडबुडीने रेडिओत येणाऱ्या गोंगाटाला क्यूआरएम म्हणतात. रोज दिवेलागणीला माझ्या रेडिओचा ४० मीटरचा बँड (७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा) कढईत भजी सोडल्यासारखा चरचरायला लागायचा. सिग्नलची ताकद दाखवणारा काटा थेट एस ९ वर, म्हणजे बराच वर. पंधरा दिवस मी आयनोस्फिअरला, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराला, शिव्या घातल्या. शेवटी रेडिओ बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. चरचर गेली. (आतून ‘माझी मालिका!’ अशी आरोळी आली, तो भाग वेगळा.) मग एकेक एमसीबी वर करत गेलो. तिसऱ्याला भजी परत तळायला लागली.

चोर देवघरात होता. आईने देव्हाऱ्याला लावलेली एलईडीची माळ आणि तिचा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर.

“आई, ही माळ काढू का गं?”

“आधी गच्चीवरची तुझी ती तार काढ.”

राहता राहिला उपाय फेराइटचा: या ठिसूळ चुंबकीय पदार्थाच्या रिंगेतून माळेची वायर न्यायची. तो मी रविवारी आमच्या हॅम मंडळींना उत्साहाने सांगायला गेलो, हीच चूक झाली.

“वायर रिंगेतून नेली की वीज अडत नाही?” पहिला प्रश्न.

म्हटलं, “रिंग म्हणजे सोसायटीचा वॉचमन. एका वायरीने करंट जातो, तेवढाच दुसरीने परत येतो. वहीत दहा आत, दहा बाहेर. तो मान वर करत नाही. पण जो कचरा दोन्ही वायरींवरून एकाच दिशेने निघतो आणि वायरीचाच अँटेना करतो, त्याला तो धरतो आणि उष्णता करून जिरवतो. म्हणून दोन्ही वायरी एकत्रच न्यायच्या.”

“मी लावली. शून्य फरक.” एकाने जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग काढली.

“ही लोखंडाच्या भुकटीची. ७ मेगाहर्ट्‌झला फेराइटचं ३१ नंबरचं मिश्रण हवं. ४३ सुद्धा चालून जाईल.”

“नंबर रिंगेवर असतो?”

“नाही.”

“रंगावरून कळतं?”

“सगळ्या काळ्याच.”

“मग ओळखायचं कसं?”

“मोजून. नाहीतर विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून.”

यानंतर माझी पत उतरली. तरी रेटलं, “वायर भोकातून एकदा गेली की एक वेढा. वायरीवर एका ओळीत फेराइटच्या सात क्लिपा लावल्या तर कचऱ्याला अडथळा सातपट. तीच वायर एका रिंगेतून सात वेळा नेली तर सातचा वर्ग, एकोणपन्नासपट.”

“मग सत्तर वेढे घातले तर चार हजार नऊशे पट!” हा आमच्यातला हिशोबनीस.

“नाही रे बाबा. वेढ्यांची गर्दी झाली की ते आपसात कुजबुजतात, कपॅसिटन्स (वेढ्यावेढ्यांमधली चोरवाट) वाढतो आणि कचरा वरच्यावर पळून जातो.”

“मग सातच का?”

इथे मी चहा मागवला.

घरी देव्हाऱ्यापुढे मांडी घालून माळेची वायर ६१ मिलिमीटरच्या रिंगेतून ओवत बसलो. रिंग गुडघ्यात घट्ट धरलेली. फरशीवर पडली की कपबशीसारखे तुकडे. आई शेजारी येऊन उभी राहिली.

“वटपौर्णिमा बायकांची असते.” मग जरा वाकून, “आणि सहाच झालेत.”

“बाहेरून नाही गं, भोकातून मोजायचे.”

तिने चष्मा चढवला, बोट आत घालून मोजलं. “हं. सात.”

बस्स. जे रविवारी दोन तास आणि चार चहांत झालं नाही, ते हिला एका वाक्यात कळलं.

काटा आता एस ५ वर आहे. उरलेली चरचर शेजारच्या काकांच्या देवघरातून येते. समजावायला या वेळी आईला पाठवतोय.