तडा गेलेली फ्रेम वेल्डिंगने ‘नव्यासारखी’ होत नाही

“आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम तडकली? घाबरू नका. फ्रेम म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. चांगल्या वेल्डरकडून भरून घ्या, कानस मारा, ब्लूइंग (निळसर-काळा मुलामा) करा, झालं नवं. नाहीच जमलं तर दुसरी फ्रेम मागवा, आतले भाग तिच्यात बसवा आणि जुना नंबर ठोकून घ्या. जुनं पोलाद तसंही आजच्यापेक्षा दणकट. तरी धास्ती वाटली तर हलकी काडतुसं वापरा.”

अशा आशयाचा सल्ला सध्या खूप फिरतो आहे. लोक तो विश्वासाने एकमेकांना पाठवतात, म्हणूनच तो खोडून काढायला हवा. कारण तो मानून चाप ओढणाऱ्याचा हात आणि डोळे त्या तड्यापासून वीतभर अंतरावर असतात.

आधी ‘नुसता सांगाडा’. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसवायचा फिरता भाग, आणि नळी एकमेकांना जोडलेली नसतात. दोघांना एका रेषेत धरून ठेवते ती फ्रेमच. बार उडतो तेव्हा काडतुसाचं बूड मागच्या भिंतीवर, म्हणजे रिकॉइल शील्डवर आदळतं आणि नळीत घुसणारी गोळी नळीला पुढे ओढते. या दोन्हींच्या मधला ताण सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी, म्हणजे टॉप स्ट्रॅप, आणि फ्रेमचा खालचा भाग सोसतो. .38 स्पेशल हे काही फार जोरकस काडतूस नव्हे, तरी त्याची दाबाची मान्य मर्यादा 17,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. बुडाच्या क्षेत्रफळाने गुणून ढोबळ हिशेब केला तर हा रेटा पाऊण टनाच्याही वर जातो. त्यातला काही भाग काडतुसाचं कवच चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या कप्प्याच्या, भिंतीला घट्ट चिकटून पेलतं, उरलेला फ्रेमवर येतो. .357 मॅग्नम या जोरकस काडतुसात तीच मर्यादा 35,000 आहे. वेब्लीसारख्या मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा भार बिजागरी आणि वरची कडी यांच्यावर पडतो, त्यामुळे तिथली ढिलाईसुद्धा फ्रेमचंच दुखणं समजायचं.

आता वेल्डिंग. इथे चूक सर्वात मोठी आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फ्रेमची ताकद फक्त धातूच्या जाडीत नसते, ती त्याला दिलेल्या पाण्यातही, म्हणजे तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणातही असते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कुठे मऊ पडतो, कुठे काचेसारखा ठिसूळ होतो. कोल्ट कंपनीच्या सिंगल ॲक्शन आर्मी या मॉडेलसारख्या जुन्या फ्रेमवर केस हार्डनिंगचा रंगीत, कार्बनयुक्त कडक थर असतो. त्यावर टाका मारला की जोडाजवळच नव्याने तडकण्याची सोय होते. ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या हलक्या फ्रेमचं तर विचारूच नका. उष्णतेने आलेली तिची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेनेच उतरते. अशा फ्रेमना तडा बहुधा नळीच्या आट्यांखाली जातो, कारण तिथे धातूची भिंत सगळ्यात पातळ असते.

शिवाय टाका थंड होताना आकसतो आणि फ्रेमला ओढतो. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण चार ते दहा सहस्रांश इंच असते. तिथे केसभर ओढ बसली तरी सिलिंडर अडतो, किंवा चेंबर नळीसमोर नीट येत नाही आणि गोळीचं शिसं खरवडून बाजूने उडतं. वर कानस आणि ब्लूइंग केलं की हे सगळं झाकलं जातं. पुढच्या पिढीत ज्याच्या हातात ते हत्यार जाईल, त्याला खाली टाका आहे हे कळणारही नाही. मला या सल्ल्याचा खरा राग येतो तो इथे.

फ्रेमला कधीच हात लावता येत नाही असं मात्र नाही. फायरिंग पिनचं, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या खिळीचं, भोक झिजलं तर तिथे नवीन बुश (भोकात बसणारी कडी) बसवता येतो. मुठीच्या बाजूचा, भार न घेणारा एखादा कोपरा तुटला असेल तर जाणकार गनस्मिथ तो भरून देऊ शकतो. सिंगल ॲक्शन आर्मीत मुठीची मागची पट्टी आणि ट्रिगर गार्ड हे स्क्रूने बसवलेले वेगळे भाग आहेत. ते वाकले तर बदलता येतात. त्यामुळे इजा नेमकी कुठे आहे, हा पहिला प्रश्न.

आणि ती इजा खरंच तडा आहे का? टॉप स्ट्रॅपच्या आतल्या बाजूला, सिलिंडर आणि नळीच्या फटीच्या बरोबर वर, गरम वायूने कोरलेली एक आडवी रेघ पडते. ती बहुतेक वेळा थोडी खोल जाऊन थांबते, पण पाहणारा घाबरतो. खात्री करायची तर डाय पेनिट्रंट चाचणी असते. भाग तेल काढून स्वच्छ करतात, लाल रंगाचं पातळ द्रावण लावून मुरू देतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तडा असेल तर आत मुरलेला रंग परत वर येतो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. नुसत्या ओरखड्यातला रंग पुसतानाच निघून जातो.

दुसरी फ्रेम मागवून आतले भाग बसवायचे, हेही वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरचे भाग हाताने घासून एकमेकांशी जुळवलेले असतात. नव्या फ्रेममध्ये सिलिंडर फिरवणारा हँड आणि त्याला थांबवणारी कळ यांचा मेळ पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.

पण त्याहून गंभीर आहे ते नंबर ठोकणं. हा सरळसरळ गुन्ह्याचा सल्ला आहे. अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये फ्रेम हीच कायद्याने बंदूक मानली जाते. भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं कलम 8 शस्त्रावरचा नंबर खोडणं, बदलणं किंवा खोटा उमटवणं या सगळ्याला मनाई करतं आणि कलम 5 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणजे दुसरी फ्रेम आली की कागदोपत्री दुसरं शस्त्र आलं. आठवणीच्या दृष्टीनेही यात काही साधत नाही. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या हँड इजेक्टर रिव्हॉल्व्हरमध्ये फ्रेमच्या बुडावरचा नंबर सिलिंडरवर आणि नळीच्या खालच्या बाजूलाही असतो. तो मूळ जोड एकदा मोडला की मोडला.

‘जुनं पोलाद दणकट’ हे उलटं आहे. कोल्टने सिंगल ॲक्शन आर्मीला जास्त दाब देणाऱ्या धूररहित दारूसाठी हमी दिली ती 1900 च्या सुमारास. त्याआधीच्या फ्रेम काळ्या दारूसाठी होत्या. स्मिथ अँड वेसनच्या मिलिटरी अँड पोलीस मॉडेलमध्ये सिलिंडरला उष्णता-प्रक्रिया पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली.

हलक्या काडतुसांनी तडा थांबत नाही, फक्त हळू वाढतो. दर बाराला त्याचं टोक थोडं पुढे सरकतं आणि शेवटचा बार कुठला हे आधी सांगता येत नाही. फारच हलकं भरलेलं काडतूस असेल तर गोळी नळीतच अडकू शकते आणि मागून दुसरी येते.

फ्रेमला भार सोसणाऱ्या जागी तडा असेल तर ते रिव्हॉल्व्हर बार काढण्यासाठी संपलं. रिकामं करा, पुन्हा एकदा तपासा, चाप ओढून पाहू नका. वाहतुकीबद्दल तुमच्या परवान्यात काय म्हटलंय ते वाचून परवानाधारक गनस्मिथकडे न्या आणि तड्याची जागा व निष्कर्ष लेखी घ्या. कंपनी अजून ते मॉडेल सांभाळत असेल तर त्यांना विचारा, मात्र बदलून मिळेल त्याचा नंबर नवा असेल आणि नोंदही नव्याने करावी लागेल. आठवण म्हणून जपायचं असेल तर टाका न मारता, आहे तसं ठेवा, आणि परवान्यासोबत त्या लेखी निष्कर्षाची प्रत लावा, म्हणजे पुढच्या वारसाला ते चालवायचं नाही हे वाचूनच कळेल.