घसा बसेपर्यंत गाऊन आवाज बनत नाही

चैत्र लागला की आमच्या परभणी-गंगाखेड भागात गावोगाव हरिनामाचे सप्ते बसतात आणि त्याच सुमारास भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला सात जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : गळा देवाचा असतो, शिकवणीनं येत नाही. पहाटे चारला उठून पूर्ण ताकदीनं खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, लावा. घसा बसेपर्यंत गा, बसलेला आवाज सुटला की पहाडी होतो. मध-ज्येष्ठमध घ्या, दही-ताक बंद करा.

मी गाणं शिकवतो. यातल्या एका वाक्यापायी माझ्याकडच्या एका लेकराचं जवळजवळ वर्ष गेलं, म्हणून आधी तेच वाक्य घेतो. घसा बसण्याचं.

मुलगा सोळा वर्षांचा. सप्त्यात गायनाचार्यांच्या शेजारी उभा राहून चाली म्हणायचा. मंडळाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गातात तो, पेटीवरची चौथी काळी, काळी चार. मुलाला ती उंच जायची. आमच्याकडं पट्टी खाली घ्या म्हणणं कमीपणाचं मानतात, त्यामुळं तो बोलला नाही. तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला. "गुरुजी, आवाज बसलाय. म्हणजे तयार व्हायलाय ना?" प्रत्येक शब्दाच्या आधी नुसती हवा येत होती.

आत काय होतं ते बघा. काळी एकचा मध्य सा, म्हणजे मधल्या सप्तकातला, लावला की पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 139 वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. तासभर तोच सूर धरला तर पाच लाख टाळ्या झाल्या. काळी चारच्या तार सावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सावर, हाच आकडा सेकंदाला 415 होतो. त्यात जोर लावला की प्रत्येक टाळी जोरात बसते. भजनात दोन तास टाळी वाजवून हात लाल होतात, तेच त्या नाजूक पडद्यांचं होतं. ते सुजतात, जड होतात, मग सूर लावायला आणखी जोर लागतो आणि सूज वाढते. असंच चालू राहिलं तर दोन्ही बाजूंना समोरासमोर गाठी धरतात. त्याच्या तशाच निघाल्या. लातूरला डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवल्या, तेव्हा त्याची आई माझ्याकडं बघत राहिली.

मग "पहाडी" कुठून आलं? सुजलेले तंतू जड असतात, म्हणून आवाज जाड लागतो आणि ऐकणाऱ्याला तो कमावलेला वाटतो. पारख करायची असेल तर त्या माणसाला वरचा षड्ज, म्हणजे सा, अगदी हळू, अंगाई म्हणावी तसा लावायला सांगा. सूज असली तर सूर उशिरा धरतो, मधेच हवा फुटते, आणि जोर दिला तरच लागतो. तयार गळ्याला वर हळू गाता येतं.

आता "गळा देवाचा". अर्धं खरं आहे. तंतूंची लांबी, घशाची-तोंडाची घडण जन्माची, त्याला इलाज नाही. पण पखवाजाची पुडी कितीही ताणा, खोड आतून नीट कोरलेलं नसेल तर नाद घुमत नाही. गळ्यात ते कोरणं शिकून येतं : जबडा सैल कसा सोडायचा, 'आ'कार कुठं उघडायचा, श्वास एकदम न सांडता ओळ संपेपर्यंत कसा पुरवायचा. हे एकट्यानं जमणं कठीण. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळं बाहेर कसा लागतो ते नीट कळत नाही. गुरूचा कान त्यासाठी. ज्यांच्या गळ्याला सगळे दैवी म्हणतात त्या लता मंगेशकर वडिलांकडं शिकल्या, आणि मुंबईत आल्यावर अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडंही. भीमसेन जोशी तर गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घर सोडून निघाले आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले.

खर्जाला माझा विरोध नाही, मीही लावून घेतो. "पूर्ण ताकदीनं" याला विरोध आहे. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, दाबून सूर खाली ढकलला तर घसा आवळतो. जिथवर आपसूक उतरतो तिथंच थांबायचं, आठवड्यांनी खाली एखादा सूर वाढतो. शिवाय रात्रभर आडवं राहिल्यानं पहाटे गळा जरा फुगलेलाच असतो. सप्त्यात कीर्तन सुटल्यावर अकराला पंगत, लगेच अंथरूण. मग आंबट पाणी घशापर्यंत येतं ते वेगळंच. म्हणून उठल्यावर आधी पाणी, थोडं बोलणं-चालणं, दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुण, लहान मुलं ओठांनी गाडी चालवतात तसं फुर्र करत सूर वर-खाली, आणि नंतर खर्ज.

मधाचं लवकर संपतं. गिळलेली कोणतीच गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही. लागली तर ठसका येतो. मधानं घशाला बरं वाटतं, तेवढंच. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो, हे भजनातल्या म्हाताऱ्यांनी तरी ध्यानात ठेवावं. ताकानं कफ होत असेल त्यानं सोडावं, सगळ्यांनी कशाला? आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गळ्याला खरी गरज दिवसभर घोट-घोट पाण्याची. ते गाण्याआधी दोन-तीन तास पोटात गेलेलं हवं, माइकसमोर तांब्या रिकामा करून भागत नाही. आणि आवाज तीन आठवड्यांवर घोगरा राहिला, त्यातही तंबाखू असेल, तर काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाला ऑपरेशन लागलं नाही. आधी काही दिवस मौन. कुजबुजसुद्धा बंद, कारण तीही गळ्याला ताणते. मग पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून बुडबुडे काढत हलका सूर, रोज पाच-पाच मिनिटं. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, गाठी विरल्या होत्या. यंदा त्याच्या मंडळाच्या विणेकऱ्यांशी मी स्वतः बोललो. पट्टी पांढरी दोनवर आली आहे, आणि गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून एक स्पीकर त्यांच्याकडं तोंड करून ठेवणार आहेत. पहिल्या तीन रात्री तो फक्त टाळ धरेल, चौथ्या रात्री एक चाल म्हणेल.