‘सौम्य कोविडनंतर काही उरत नाही’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा, की लाँग कोविड, म्हणजे कोविडनंतर महिनोन्‌महिने उरणारा त्रास, लाखात एखाद्याला होतो, तोही अतिदक्षता विभागातून परतलेल्या वृद्धांना, आणि घरीच बऱ्या झालेल्यांचा थकवा हा मनाचा खेळ आहे.

पहिले विधान तर अगदीच निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे लाँग कोविडमध्ये मोडतात. अशांचे प्रमाण ती संघटना शंभर बाधितांमागे सुमारे सहा मानते. मोजण्याच्या पद्धतीनुसार हा आकडा बदलतो खरा, पण लाखात एकावर कधीच येत नाही.

दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते पटकन पटते. रुग्णालयात दाखल झालेल्यांना धोका अधिक असतो, हे निर्विवाद. परंतु समजा, हजार बाधितांपैकी साडेनऊशे घरीच बरे झाले आणि त्यांतल्या शंभरी पाच जणांना त्रास उरला, तर ते सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होतात. दाखल झालेल्या पन्नासांपैकी शंभरी तीस धरले तरी पंधराच. जोखीम एकीकडे जास्त आणि रुग्णसंख्या दुसरीकडे जास्त, यात विसंगती काहीच नाही. वयाचेही तसेच: अमेरिकेच्या २०२२ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सर्वाधिक प्रमाण ३५ ते ४९ या कमावत्या वयोगटात होते, आणि स्त्रियांत ८.५ टक्के, तर पुरुषांत ५.२ टक्के. लठ्ठपणा, धूम्रपान आणि दमा, मधुमेहासारखे आधीचे आजार धोका वाढवतात. लसीचे दोन डोस तो कमी करतात, याचा संदेशात उल्लेखही नाही.

‘मनाचा खेळ’ म्हणणाऱ्याने हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या विडी कामगार बाईचा विचार करावा. तिला आजारपणाची रजा नाही. हात मंदावले की त्या दिवसाची मजुरी घटते, आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्रास बळावणे हे तर या आजाराचे ठळक लक्षण आहे. रक्ताचे नेहमीचे अहवाल चांगले आले, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही.

अर्थात प्रत्येक थकवा कोविडच्या माथी मारणेही चूकच. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग यांची तपासणी आधी व्हायला हवी. व्याख्येतली ‘अन्य निदान नसणे’ ही अट त्यासाठीच आहे.