'तबल्याचा हात आधी, बोल मागून' या १ स्टारला दुकानाचं उत्तर

रामराम दादा,

तुमचा १ स्टार आणि 'साउंडबार भंगार, २,१०० रुपये पाण्यात' हे वाचलं. बनारसच्या संकटमोचन संगीत समारोहाच्या लाइव्हसाठी तुम्ही तीन रात्री बार भाड्याने नेला होता. पहिल्या रात्री आमचा मुलगा पाऊण तास उशिरा पोचला, सुरुवातीचा आलाप तुमचा हुकला. चूक आमचीच, माफ करा.

पण 'तबलजींचा हात आधी पडतो, बोल मागून येतो, म्हणजे मशीनच खराब' हे मला मान्य नाही. मुलाने बार टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या, एचडीएमआय पोर्टला केबलने जोडला होता. तुमच्यासमोर तीनताल लावून सम, म्हणजे सोळा मात्रांतली पहिली मात्रा, जुळते हेही दाखवलं होतं. चौथ्या दिवशी तो सामान उचलायला आला, तेव्हा केबल कूलरमागे गुंडाळलेली होती आणि बार ब्लूटूथवर होता. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून बारीक केला जातो, पलीकडे पुन्हा उलगडतो. त्यात सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा सहज जातो. बातम्यांना ते जाणवत नाही, विलंबित एकतालालाही चालून जातं. पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांवर गेला की एक मात्रा म्हणजे बरोबर पाव सेकंद. तबलजी समेवर, आणि तुमच्या कानात अजून सोळावी मात्रा! बारवरचं 'ऑडिओ डिले' सेटिंग इथे कामाचं नाही. ते आवाज आणखी मागे ढकलतं, पुढे आणत नाही. यावर उपाय एकच, केबल. ती आम्ही दिली होती, दादा.

तानपुरा ऐकू आला नाही म्हणता. बार 'व्हॉइस' मोडवर सापडला. तो बोलण्याचा आवाज वर काढतो आणि डग्ग्याची घुमक, खर्ज खाली दाबतो. गाण्याला 'म्युझिक' किंवा 'स्टँडर्ड'च लागतो. त्यात तीन हातांवर कूलर फुल स्पीडवर. जळगावच्या एप्रिलमध्ये कूलर बंद करा असं कोणत्या तोंडाने सांगू? पण तो बारपासून लांब सरकवून कमी वेगावर ठेवला असता, तर तानपुरा त्या घरघरीत बुडाला नसता.

रात्री दोनला चित्र थांबलं ते लाइट गेली म्हणून. टीव्ही इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता. लाइट आल्यावरही राउटरला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि मग स्क्रीनवर 'लाइव्ह' दाबावं लागतं, नाहीतर प्रसारण मागेच राहतं. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं.

२,१०० म्हणजे रात्रीचे ६०० प्रमाणे तीन रात्री आणि जोडणीचे ३००. यात लूट कुठे आहे? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर असा स्टार लागला की गिऱ्हाईक पायरी चढत नाही. मशीनचा दोष असता तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं.

पहिल्या रात्रीचे ६०० परत देतो, दुकानात या. यापुढे मुलगा वेळेआधी जाईल, मोडचं वगैरेही लिहून देऊ. आणि केबल कूलरच्या आड येत होती तर एक फोन करायचा होता, ३ मीटरची दुकानात पडूनच होती.