रॉबर्ट का बोलत नाही?

सप्रेम नमस्कार.

माझ्या परीक्षणावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एलिझाबेथ कॉस्टोवा यांच्या ‘द स्वान थीव्ह्ज’ (२०१०) या कादंबरीला मी मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची मोजपट्टी लावली आणि त्यांच्याच आधीच्या ‘द हिस्टॉरियन’ या कादंबरीतला ड्रॅक्युला पुन्हा न भेटल्याचा राग तिच्यावर काढला, असे आपले दोन आक्षेप आहेत. दुसरा निम्मा मान्य आहे. आधीच्या कादंबरीने लावलेली चटक घेऊनच मी हे साडेपाचशेहून अधिक पानांचे पुस्तक उघडले होते, आणि त्यातल्या पाल्हाळाविषयी मी जे तिखट लिहिले त्यात अपेक्षाभंगाचा वाटा असणारच.

पहिला आक्षेप मात्र मी स्वीकारू शकत नाही. (ज्यांना शेवट कळू द्यायचा नाही, त्यांनी पुढचे वाचू नये.) वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये रॉबर्ट ऑलिव्हर हा चित्रकार ‘लीडा’ या चित्रावर चाकू घेऊन धावून जातो, पकडला जातो, आणि मनोविकारतज्ज्ञ मार्लोकडे आल्यावर लवकरच बोलणे बंद करतो. या मौनाविषयी मी घेतलेली शंका वैद्यकीय नाही, ती रचनेविषयी आहे. रॉबर्ट दुसऱ्या दिवशी चार वाक्ये बोलला असता, तर मार्लोला त्याच्या पूर्वपत्नीकडे, मग प्रेयसीकडे आणि पुढे पॅरिसला जाण्याचे कारणच उरले नसते. तो गप्प राहतो, कारण रहस्य टिकवायचे आहे. आणि त्याला झपाटून टाकलेल्या, एकोणिसाव्या शतकातील बेआत्रिस या चित्रकर्तीवर झालेल्या अन्यायाचा छडा लागल्यावर तो बोलू लागतो. आजार हे कुलूप आणि चित्राचा इतिहास ही किल्ली, इतका सोपा हा हिशेब आहे. ज्यांच्या घरात असा आजार आहे, त्यांनी यावर काय म्हणावे?

मार्लोने गोपनीयता मोडली नाही, कारण इतरांशी बोलण्याची परवानगी रॉबर्टनेच दिली होती, असेही आपण लिहिले आहे. ते खरे आहे. परंतु परवानगी बोलण्याची होती. रुग्णाच्या प्रेयसीच्या, मेरीच्या, प्रेमात पडण्याची नव्हती. मार्लोने असे वागावे याला माझी हरकत नाही, कादंबरीतला डॉक्टर चुकू शकतो. हरकत अशी की लेखिकेला त्यात फारसे काही खुपत नाही.

कलेविषयी थोडक्यात लिहितो. बेआत्रिस आई झाल्यावर चित्रकला सोडते आणि त्या सोडण्याभोवती गूढ उभे राहते. तिच्याच काळातली, पण खरोखर होऊन गेलेली फ्रेंच चित्रकर्ती बेर्त मोरिझो १८७४ ते १८८६ दरम्यानच्या आठ इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांपैकी सातांत होती. मुलीच्या जन्मानंतरचे १८७९ चे तेवढे चुकले, आणि पुढे त्याच मुलीला, ज्यूलीला, तिने वर्षानुवर्षे रंगवले. चित्र सोडण्यापेक्षा ते चालू ठेवणे मला अधिक गूढ वाटते, आणि त्यासाठी कोणी खलनायकही लागत नाही.

एका बाबतीत मात्र माझ्या लेखात अन्याय झाला. पूर्वपत्नी केटचे निवेदन मी एका ओळीत उरकले होते. पुन्हा वाचताना जाणवले की आजाराशी प्रामाणिक असलेला भाग तोच आहे: घरात लहान मूल, नवरा रात्र रात्र जागा, आणि एके दिवशी ती माळ्यावर जाते तेव्हा जिकडेतिकडे एकाच अनोळखी स्त्रीचा चेहरा रंगवलेला. ती स्त्री कोण, हे तिला ठाऊक नाही, आणि खाली मुलाला सांभाळायचे आहे.