पेनड्राइव्हच बरा, हे खरं नाही

सांगलीच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल पाठवू नका. वाटेत कुणीही वाचतं. लाइट गेली की पहिल्यापासून. एक अक्षर चुकलं की डेटा साफ. पेनड्राइव्हच बरा." हे वाचून कुणी रोजची कॉपी बंद केली तर नुकसान होईल, म्हणून लिहितोय. गणपती पेठेतल्या दुकानाचा हिशोब मी रोज रात्री आरसिंकने (एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइलींची कॉपी करणारी कमांड) विश्रामबागला घरी पाठवतो.

वाटेत वाचण्याचं म्हणाल, तर फाइल पाठवायच्या जुन्या एफटीपी पद्धतीबद्दल ते खरं होतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 साली एसएसएच तयार झालं, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधलं बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत. आरसिंक त्यावरूनच चालवा; एससीपी ही साधी कॉपीची कमांडही त्यावरूनच चालते. वाटेतल्या माणसाला नुसता गोंधळ दिसतो.

लाइटचं तर साफ चूक. आरसिंक 1996 पासून आहे आणि त्याची खुबीच ही की आधी पोचलेलं पुन्हा पाठवत नाही. फाइलचा आकार आणि वेळ जुळली की ती सोडून पुढे जातं. मोठ्या फाइलमध्ये थोडाच बदल असेल, तर तिचे तुकडे ताडून बदललेलेच पाठवतं. (झिप केलेल्या फाइलला हा फायदा फारसा मिळत नाही, तेव्हा झिप न करता पाठवा.) कमांडमध्ये कॅपिटल पी (-P) हा पर्याय दिला की अर्धवट फाइलही टिकते आणि पुढच्या खेपेला कामी येते.

पेनड्राइव्हबद्दल मला राग आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा आमचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात होता. दोन्ही एकदमच चिखलात गेले. वर्षाची खातेवही आम्ही पावत्या वाळवून पुन्हा लिहिली.

एका अक्षराची भीती मात्र खोटी नाही. पाठवायच्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ (/) दिली तर नुसता आतला माल जातो, नाही दिली तर अख्खं फोल्डरच जातं. त्यात डिलीटचा पर्याय (--delete, पाठवणाऱ्याकडे नसलेलं पोचण्याच्या जागेवरून पुसणारा) जोडलात आणि पोचण्याची जागा चुकली, तर तिथलं बाकीचं सगळं पुसलं जातं. म्हणून डिलीटची कमांड खरी चालवायच्या आधी तीच कमांड, डिलीटसकट, व्ही आणि एन (-v, -n) जोडून चालवा. काहीच हलत नाही, फक्त काय होणार त्याची यादी येते. त्यात 'डिलीटिंग' ने सुरू होणारी एकही अनोळखी ओळ दिसली, तर खऱ्या कमांडचं एंटर दाबू नका.